पेशींचा काउंटर: बाल्टिमोर, परळ आणि खारघर

मंडळी, या वीकएंडला कोड नाही, गॅजेट नाही, थोडं जीवशास्त्र. निमित्त जुनंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्या ग्रुप्सवर एक फॉरवर्ड फिरत होता, आठवतोय? "टाटाच्या डॉक्टरांनी शंभर रुपयांची गोळी शोधली, आता कॅन्सर परत होणार नाही." अंबरनाथ-बदलापूरकडच्या ग्रुप्समध्ये तो जरा जास्तच फिरला, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी सकाळच्या लोकलने दादरला उतरून परळच्या टाटा हॉस्पिटलची वारी करून आलेलं असतं. पुढे त्याच संशोधनाच्या नावाने "म्हातारपणही थांबणार" अशी पुरवणी जोडली गेली.

हे खरं की खोटं, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्यासाठी पेशी म्हातारी होते म्हणजे काय होतं, हे माणसाला कसं कळलं ते बघावं लागतं. ती गोष्ट मला भलतीच आवडली, कारण तिच्या मधोमध एक मराठी बाई आहेत आणि त्यांचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलंय.

सुरुवात १९१२ पासून करू. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल नावाचे फ्रेंच सर्जन होते. त्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा काचेच्या भांड्यात वाढवायला घेतला. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं (रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामासाठी). हृदयाच्या पेशी वाढत राहिल्या. वर्ष गेलं, दहा वर्षं गेली, वीस गेली. १९४४ मध्ये कॅरेल वारले तरी त्या पेशी चालूच होत्या, आणि शेवटी १९४६ मध्ये तो प्रयोग मुद्दाम बंद केला गेला. चौतीस वर्षं! कोंबडी तरी एवढी जगते का? यावरून जगाने निष्कर्ष काढला की पेशी मुळात अमर असते, म्हातारं होतं ते शरीर. जो कोणी आपल्या लॅबमध्ये असा प्रयोग करी त्याच्या पेशी काही महिन्यांनी मरत, आणि तो स्वतःलाच दोष देई. भांडं नीट धुतलं नसेल, खाद्य कमी पडलं असेल. नोबेलवाल्याचं चुकलं असेल असं कोण म्हणणार?

आता १९५१. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांची टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा. तिथे हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा तुकडा आला. तिला न विचारता घेतलेला. त्या पेशी खरोखरच थांबेनात. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली, पण तिच्या "हेला" पेशी आजही जगभरच्या लॅब्समध्ये वाढतायत. तिच्या वारसांना एका मोठ्या कंपनीकडून तडजोडीची भरपाई मिळायला २०२३ साल उजाडलं.

आपली कमल रणदिवे इथे येते. माहेरची कमल समर्थ, जन्म पुणे, ८ नोव्हेंबर १९१७. हुजूरपागा, मग फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरच नवरा करावा अशी त्यांची इच्छा होती म्हणे. मुलीने दोन्ही केलं नाही. लग्न केलं गणिती ज. त्र्यं. रणदिव्यांशी, आणि मुंबईत येऊन टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली संशोधन सुरू केलं. १९४९ मध्ये पीएचडी. त्यानंतर फेलोशिप घेऊन त्या गेल्या त्या थेट बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत, पेशी काचेत वाढवायचं तंत्र शिकायला.

शिकून त्या परत आल्या. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्या काळात तिकडे राहणं किती सोयीचं होतं याचा विचार करा, आणि आपल्या ऑफिसातल्या ऑनसाइट प्रकरणाशी तुलना करून बघा :) परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी १९६० च्या दशकात भारतातली पहिली टिश्यू कल्चर संशोधन प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० त्या सेंटरच्या हंगामी संचालक होत्या. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी फार आधी मांडला, कुष्ठरोगाच्या जंतूंवर काम केलं, १९७३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना काढली. १९८२ साली पद्मभूषण. निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत फिरल्या. २००१ मध्ये त्या गेल्या. २०२१ मध्ये गूगलने त्यांच्या जन्मदिवशी डूडल केलं, तेव्हा माझ्यासकट बहुतेकांनी नाव पहिल्यांदा वाचलं.

टिश्यू कल्चरचं एवढं कौतुक का? कारण पेशीचं वय मोजायचं तर आधी ती शरीराबाहेर जगवता यायला हवी. औषध असो, विषारी रसायन असो, त्याचा परिणाम माणसावर बघण्याआधी पेशीवर बघायची सोय हवी. ती सोय आपल्याकडे त्यांनी आणली.

परळमध्ये हे चाललं असतानाच फिलाडेल्फियात लेनर्ड हेफ्लिक नावाच्या तरुणाला जाणवलं, की आपल्या निरोगी मानवी पेशी साधारण पन्नास वेळा दुभंगून थांबतायत. दर वेळी. भांडं स्वच्छ, खाद्य तेच, तरीही. मग त्याने आणि पॉल मूरहेडने एक झकास प्रयोग केला. पुरुषाच्या "म्हाताऱ्या", म्हणजे चाळीसएक वेळा दुभंगलेल्या पेशी आणि स्त्रीच्या "तरुण", दहाएक वेळा दुभंगलेल्या पेशी एकाच भांड्यात मिसळल्या. दोष भांड्याचा असता तर दोन्ही एकदम मेल्या असत्या. काही काळाने बघितलं तर फक्त स्त्रीच्या पेशी शिल्लक. म्हणजे मोजमाप पेशीच्या आत होतं! आमच्या भाषेत सांगायचं तर काउंटर लोकल व्हेरिएबल होता, ग्लोबल नव्हे. आणि तोही डिस्कवर सेव्ह केलेला, कारण पेशी गोठवून वर्षांनी पुन्हा जाग्या केल्या तरी मोजणी जिथे थांबली तिथूनच पुढे चालू.

हा पेपर एका नामांकित जर्नलने परत पाठवला. संपादक पेटन राउस, पुढे नोबेल मिळालेला माणूस. त्यांचं म्हणणं काय, तर नीट वाढवल्या तर पेशी अमर्याद वाढतात हे सर्वांना माहीतच आहे. पेपर १९६१ मध्ये दुसरीकडे छापून आला. कॅरेलचा प्रयोग कोणालाच पुन्हा करून दाखवता आला नाही. रोजच्या खाद्यातल्या गर्भाच्या अर्कातून ताज्या पेशी भांड्यात पडत असाव्यात, असा हेफ्लिकचा तर्क होता. पन्नास वर्षांची समजूत एका अशा प्रयोगावर उभी होती, जो कोणी तपासलाच नव्हता.

काउंटर आहे, पण कुठे? हे सुचलं ते मॉस्कोत, आणि चक्क रेल्वे स्टेशनात. १९६६ मध्ये अलेक्सेई ओलोव्निकोव्ह हेफ्लिकच्या कामावरचं व्याख्यान ऐकून मेट्रो स्टेशनवर आला. गाडी येताना दिसली आणि त्याला वाटलं, डीएनएची नक्कल करणारं यंत्र असंच रुळावरून धावत असेल. पण फलाटाच्या अगदी टोकापासून गाडीच्या पहिल्या दारापर्यंत थोडी जागा सुटतेच ना? तसं त्या यंत्रालाही अगदी टोकाची नक्कल जमत नसणार. म्हणजे दर नकलेला डीएनए थोडा आखूड. बदलापूर लोकलला रोज लटकणाऱ्या माणसाला हे उदाहरण वेगळं समजावून सांगायला नको.

१९७१ मध्ये त्याने हे मांडलं. पुढे एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांनी ती टोकं म्हणजे टेलोमिअर, आणि ती पुन्हा लांब करणारं टेलोमरेज हे एन्झाइम शोधलं. त्यांना २००९ चं नोबेल मिळालं, ओलोव्निकोव्हला नाही. माणसात ही टोकं म्हणजे सहा अक्षरांचा एकच शब्द हजारो वेळा गिरवलेला. बुटाच्या लेसच्या टोकाला प्लास्टिक असतं ना, तसं. झिजत झिजत ती फार आखूड झाली की पेशीला वाटतं डीएनए तुटला, आणि धोक्याची घंटा वाजते. २००३ मध्ये हे प्रयोगाने दिसलं. म्हणजे वार्धक्य आणि डीएनएची मोडतोड या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. पेशीच्या दृष्टीने आखूड टोक हे तुटलेलंच टोक. मग ती दुभंगणं थांबवते.

हे थांबणं वाईट वाटतं, पण ते आपल्या भल्याचं आहे. मोडका डीएनए घेऊन दुभंगत राहणारी पेशी म्हणजेच कॅन्सर. सुमारे नव्वद टक्के कॅन्सरमध्ये टेलोमरेज चालू झालेलं सापडतं, हेलामध्येही. त्यामुळे "टेलोमिअर लांब करा, तरुण राहा" असं सांगून ऑनलाइन काही विकणारा दिसला, तर हा काउंटर सेफ्टीसाठी बसवलेला आहे हे लक्षात ठेवा.

आता खारघर. टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक, तिथे आहे. तिथले डॉ. इंद्रनील मित्रा, मूळचे सर्जन, बरीच वर्षं एक वेगळी कल्पना मांडतायत. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. मरताना त्यांच्यातले डीएनएचे आणि प्रथिनांचे तुकडे, म्हणजे क्रोमॅटिनचे कण, रक्तात सुटतात. मित्रांच्या मते हे कण निरोगी पेशींमध्ये शिरतात, तिथला डीएनए मोडतात, आणि वार्धक्य, कॅन्सर पसरणं, दाह या सगळ्यांना हातभार लावतात. म्हणजे मेलेल्या प्रोसेसचा कचरा चालू प्रोसेसची मेमरी खराब करतोय. उपाय म्हणून द्राक्षात मिळणारं रेझव्हेराट्रॉल आणि अगदी किंचित तांबं. दोन्ही एकत्र आले की ऑक्सिजनचे फ्री रॅडिकल तयार होतात आणि ते हे कण नष्ट करतात. २०२२ मध्ये त्यांच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांमध्ये वार्धक्याच्या बऱ्याच खुणा यामुळे कमी झाल्याचं प्रसिद्ध केलं. माणसांवर झाल्या त्या छोट्या चाचण्या, मुख्यतः उपचारांचे दुष्परिणाम कमी होतात का हे बघणाऱ्या.

फॉरवर्डमधली शंभर रुपयांची गोळी ती हीच. पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या कामावरून "कॅन्सर परत होणार नाही" इथपर्यंतची उडी फार लांब आहे, आणि ती बातमी आली तेव्हा देशातल्याच अनेक कॅन्सरतज्ज्ञांनी हे बोलून दाखवलं.

इतिहास इथेच कामाला येतो. हेफ्लिकची गोष्ट वाचून "बघा, वेगळं बोलणाऱ्याला आधी नाकारतातच" असं म्हणायचा मोह होतो. पण कॅरेलची गोष्ट त्याच्या उलट आहे. मोठ्या संस्थेतला मोठा माणूस, म्हणून कोणी तपासलं नाही. दोघांत फरक एवढाच, की हेफ्लिकचा प्रयोग कोणीही आपल्या लॅबमध्ये केला तर तेच उत्तर येई. मित्रांच्या कल्पनेलाही हीच परीक्षा लावायची. दुसऱ्यांनी करून बघावं, मोठ्या चाचणीत माणसांवर दिसावं. तोवर घरातल्या कोणाचे उपचार चालू असतील तर ते सोडून गोळीमागे धावू नये. एवढं एक जरी या लेखातून कोणाच्या आईवडिलांपर्यंत पोचलं तरी पुरे.

आणि शेवटी आपल्या गावांबद्दल. डीएनए आपोआपही मोडतो, प्रत्येक पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी, आणि पेशी तो दुरुस्तही करते (या दुरुस्तीच्या शोधाला २०१५ चं नोबेल). पण बाहेरून भर घालणाऱ्या गोष्टीही आपल्याला माहीत आहेत. तंबाखू, बेन्झीन, काही रंगद्रव्यं. जर्मनीत लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर नोंदवला तो १८९५ मध्ये! २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने बाहेरची प्रदूषित हवा कॅन्सरकारक म्हणून जाहीर केली. २००९ च्या एका अभ्यासात मिलान शहरातल्या ट्रॅफिक पोलिसांचे टेलोमिअर ऑफिसात बसणाऱ्यांपेक्षा आखूड निघाले.

आपल्याकडे वालधुनी अंबरनाथहून उल्हासनगरात वाहत येते, दोन्हीकडच्या कारखान्यांचं सांडपाणी घेत. २०१४ च्या अखेरीस तिच्यात कोणीतरी रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात न्यावं लागलं. उल्हास आणि वालधुनीचं प्रकरण वनशक्ती संस्थेने हरित लवादापर्यंत नेलं होतं, २०१५ मध्ये मोठा दंडही झाला. रात्री खिडकी उघडल्यावर येणारा तो वास मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

शंभर रुपयांच्या गोळीबद्दलचा फॉरवर्ड आपण पन्नास जणांना पाठवतो. रात्री नाल्यात टँकर रिकामा होताना दिसला तर प्रदूषण मंडळाकडे तक्रार किती जण करतात? पेशीचा काउंटर उलटा फिरवायची गोळी येईल तेव्हा येईल. तो उगाच जोरात पळवणाऱ्या काही गोष्टी कुठल्या, हे मात्र कळून शंभर वर्षं होऊन गेली.

असो. पुढच्या शनिवारी पुन्हा कोडकडे. कमल रणदिव्यांबद्दल घरच्या जुन्या मंडळींकडून काही ऐकलं असेल तर जरूर कळवा.