पाठाध्ययन, प्राथमिक गणितातील
एका शाळेतील शिक्षकांनी एकत्र येऊन एकाच पाठाची आखणी करावी, त्यांपैकी एकाने तो प्रत्यक्ष वर्गात घ्यावा, इतरांनी पाहावा आणि नंतर सर्वांनी त्याची चिकित्सा करावी, अशी शिक्षकांच्या व्यावसायिक अध्ययनाची जपानमधील पद्धती. तेथील नाव ‘जुग्यो केंक्यू’.

पूर्वपीठिका : मेइजी राजवटीत १८७२ मध्ये टोकियो येथे अध्यापक विद्यालय निघाले व मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाने तेथे सामूहिक वर्गाध्यापनाचे धडे दिले. पाठ पाहण्याचा शिरस्ता अशा विद्यालयांमधून व त्यांना जोडलेल्या शाळांमधून पसरला, असे सामान्यतः मानले जाते.

कार्यपद्धती : आखणीचा बराच काळ पाठ्यविषयाच्या अभ्यासात जातो, आणि या पद्धतीचे मर्मही तेथेच आहे. पहिलीच्या वर्गाला दशक सुटा करून करावयाची वजाबाकी प्रथमच शिकवावयाची असता उदाहरणात कोणत्या संख्या घ्याव्यात, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न शिक्षक दीर्घकाळ चर्चितात. १३ − ९ हे उदाहरण दिल्यास दहातून नऊ काढून उरलेला एक सुट्या तीनांत मिळविण्याची वाट मुलांना सहज सुचते. १२ − ३ मध्ये आधी दोन व मग एक काढणे सोयीचे. १२ − ७ मध्ये मात्र दोन्ही वाटा मोकळ्या राहतात, शिवाय सातापासून बारापर्यंत पुढे मोजणारेही मूल निघते. म्हणजे संख्यांची निवड ही मुलांच्या विचाराचीच निवड ठरते. आणि ज्या शिक्षकाने आजवर ‘हातचा घ्या’ एवढेच सांगितले, त्याला तो हातचा म्हणजे सुटा केलेला दशक होय, याचा उलगडा या चर्चेत होतो. संभाव्य उत्तरांचा, चुकांसह, तपशील आराखड्यात आधीच लिहिला जातो. फळ्यावर काय, कोठे व कोणत्या क्रमाने उमटेल, हेही ठरते.

पाठाच्या वेळी निरीक्षक मुलांना मदत करीत नाहीत. त्यांच्या वह्यांतील व बोलण्यातील विचार टिपतात. नंतरच्या बैठकीत प्रथम पाठ घेणारा बोलतो, अखेरीस निमंत्रित तज्ज्ञ. चिकित्सा पाठाची होते, व्यक्तीची नव्हे.

प्रसार : १९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान पाहणीबरोबर जर्मनी, जपान व अमेरिका येथील आठवीच्या गणितपाठांचे चित्रण झाले. त्यावर आधारलेल्या स्टिग्लर व हीबर्ट यांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे, तसेच त्याच वर्षीच्या माकोतो योशिदा यांच्या शिकागो विद्यापीठातील प्रबंधामुळे, ही पद्धती इंग्रजी जगतास परिचित झाली.

परिणामकारकता : निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. अपूर्णांकांवरील साहित्यसंच पुरवून अमेरिकेत केलेल्या नियंत्रित प्रयोगात (लुइस व पेरी, २०१७) शिक्षक व विद्यार्थी दोहोंच्या ज्ञानात वाढ आढळली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगात मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. पाठ्यविषयाचा अभ्यास वगळून केवळ पाठनिरीक्षण उचलल्यास फळ मिळत नाही, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

महाराष्ट्र : केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांच्या रूपाने शिक्षकांनी एकत्र जमण्याची व्यवस्था येथे आहे; तीत दाखविलेला आदर्श पाठ अनुकरणासाठी न राहता चिकित्सेसाठी खुला झाल्यास पाठाध्ययनास निराळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही.