निळू फुले आणि पडद्यावरचा पाटील
(लिंबागणेश, जि. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, निळू फुल्यांचं नाव काढलं की समोरचे चार जण लगेच घोगरा आवाज काढून त्यांची नक्कल करायला लागतात. बाईला वाड्यावर बोलावणारं ते वाक्य तर नकला करणाऱ्यांनी इतकं घासलंय, की नव्या पिढीला निळूभाऊ म्हणजे तेवढंच वाटतं. मी आज ती नक्कल बाजूला ठेवणार आहे. माझा विषय इतिहासाचा आहे. १९६८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत या माणसाने पडद्यावर जो पाटील उभा केला, तो आला कुठून? आणि तो बघून आपल्या मायबहिणींना इतका राग का यायचा?

आधी एक कायद्याची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. महाराष्ट्रात वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२च्या कायद्याने संपली. बापानंतर पोरगा पाटील, हे सरकारदरबारी बंद झालं. त्याच वर्षी १ मेपासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याआधी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, आणि साठच्या दशकात कारखान्यांची संख्या भराभर वाढत होती. म्हणजे बघा, पाटील हे पद गेलं आणि सत्तेच्या नव्या खुर्च्या आल्या: सोसायटीचा चेअरमन, कारखान्याचा चेअरमन, सभापती. बऱ्याच ठिकाणी या खुर्च्यांवर जुनीच घराणी बसली. काही ठिकाणी नवी बसली, तेही सांगायला पाहिजे. पण आता त्यांच्या हातात नुसता वाडा नव्हता. कर्ज कुणाला मिळणार, ऊस कुणाचा आधी तोडला जाणार, पोराला नोकरी कुठे लागणार, हेही होतं.

निळूभाऊंनी उभा केला तो हा पाटील. धोतर-टोपी जुनी, सत्ता नवी. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहकाराचे आकडे सापडतील, पण या माणसाचा चेहरा सापडणार नाही. तो सिनेमात सापडतो.

आता हा नट स्वतः कोण होता? नीळकंठ कृष्णाजी फुले, जन्म पुण्याचा, १९३०चा. पैशापाण्याने घर बेताचंच. सतराव्या वर्षी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम धरलं. पगार महिना ऐंशी रुपये, आणि त्यातले दहा रुपये राष्ट्र सेवा दलाला. ऐंशीतले दहा, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सेवा दलाचं कलापथक ही त्यांची खरी शाळा. कलापथक म्हणजे काय, तर गावोगाव जायचं, मिळेल त्या ओट्यावर उभं राहायचं, आणि वगाच्या ढंगात लोकांना हसवत हसवत पुढाऱ्यांच्या, सावकारांच्या गोष्टी सांगायच्या. पु. ल. देशपांड्यांचं ‘पुढारी पाहिजे’ हे वगनाट्य या कलापथकानं केलं. नाव बघा. म्हणजे पुढारी हा विषय निळूभाऊंच्या वाट्याला सिनेमाच्या कितीतरी आधी आलेला होता. ५७च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्यांनी स्वतःही ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. मग शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’. त्याचे दोन हजारांवर प्रयोग झाले. दोन हजार प्रयोग म्हणजे दोन हजार वेळा वेगवेगळ्या गावच्या लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवणं. वगातल्या नटाला समोरच्या माणसाला धरून बोलावं लागतं. प्रेक्षक पेंगायला लागला की त्याच क्षणी कळतं, आणि सुधारायचं असेल तर तेही त्याच क्षणी सुधारावं लागतं.

माझं मत असं, की निळूभाऊंचा खलनायक ओरडत नाही त्याचं मूळ इथे आहे. गावातला खरा सत्ताधारी ओरडतो का हो? ओरडायचं काम त्याच्या माणसांचं. तो स्वतः बसका, हळू बोलतो. समोरच्याची विचारपूस करतो. म्हातारीची तब्येत विचारतो. आणि जाता जाता एक वाक्य असं बोलतो की समोरच्याला घाम फुटतो. हे पुण्यात बसून सुचत नाही. गावोगाव मुक्काम करून, ज्यांच्या ओसरीवर कार्यक्रम करायचा त्यांनाच निरखून निरखून येतं.

‘एक गाव बारा भानगडी’ हा त्यांचा पहिला चित्रपट, १९६८, दिग्दर्शक अनंत माने, कथा पुन्हा शंकर पाटलांचीच. झेलेअण्णाची भूमिका गाजली. वय तेव्हा अडतीस. नायक व्हायचं वय नव्हतं, आणि तो चेहराही नायकाचा नव्हता. मराठी पडद्याला तेव्हा चेहऱ्यांपेक्षा माणसं हवी होती, असं मी म्हणेन.

मधले बरेच सिनेमे मी सोडून देतो. ‘सोंगाड्या’ आहे, ‘पिंजरा’ आहे, तुम्ही पाहिलेले आहेत. पण १९७२चं एक नाटक सोडता येत नाही: ‘सखाराम बाइंडर’. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग आणि सखाराम निळू फुले. लग्न न करता, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणून ठेवणारा, मारणारा, आणि तरी एका अर्थाने खोटं न बोलणारा माणूस. नाटकावर काहूर उठलं, परिनिरीक्षण मंडळानं कात्री चालवायला घेतली. सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्याच साली आपल्या भागात काय चाललं होतं, ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. ७२चा दुष्काळ, खडी फोडायची कामं. मुंबई-पुण्यात नाटकावरून भांडण, इथे सुकडीसाठी रांग. एकाच राज्याचे हे दोन भाग होते, एवढंच नोंदवतो.

आता ‘सामना’. १९७४-७५चा चित्रपट. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं पहिलं दिग्दर्शन, निर्माते रामदास फुटाणे. फुटाणे मूळचे जामखेडचे, म्हणजे इथून पाटोद्याच्या पुढचे, आपले शेजारीच म्हणायचे. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. साखर कारखान्याच्या आवारातली गोष्ट बर्लिनला गेली.

हिंदुराव धोंडे पाटील हा कारखान्याचा, गावाचा, सगळ्याचा धनी. गावात एक दारुडा मास्तर येतो, तो डॉ. श्रीराम लागूंनी केला. हिंदुराव त्याला हाकलत नाही. घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी गप्पा मारतो. त्याला मास्तर आवडतो हो! आणि या पाहुण्याला एका नावाचा पत्ता लागतो, मारुती कांबळे. या माणसाचं पुढे काय झालं, एवढंच तो विचारायला लागतो. तो प्रश्न जसा पसरतो तसा हिंदुरावाचा चेहरा आतून बदलत जातो. निळूभाऊंचं सगळं सामर्थ्य त्या बदलात आहे. लागू हे शिकलेले नट, पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर, एकेका शब्दाचा विचार करणारे. निळूभाऊ वगातून आलेले. दोघांची जात वेगळी, मी नटाची जात म्हणतोय, आणि म्हणून जुगलबंदी रंगते.

यातली महत्त्वाची गोष्ट ही, की हिंदुराव स्वतःला वाईट समजत नाही. आपण उजाड माळावर विकास आणला असं त्याला मनापासून वाटतं. आणि ते खोटंही नाही. कारखाना झाला, रस्ता झाला. त्या विकासाखाली एक माणूस गाडला गेला, एवढंच. निळूभाऊंनी हिंदुरावाला राक्षस केलं असतं तर प्रेक्षक शिव्या देऊन घरी गेला असता. त्यांनी त्याला आपल्या ओळखीचा केला.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरातून दसरा-दिवाळीनंतर कोयता निघतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, बरोबर लेकरं. ७२नंतर ही संख्या वाढत गेली. म्हणजे ‘सामना’तल्या कारखान्याच्या फडात ऊस तोडायला बीड जिल्ह्यातला माणूस जायचा, आणि हिंदुराव त्याला तुमच्याइतका कोणी ओळखणार नाही. माझी एक तक्रार मात्र आहे. मराठी पडद्याला चेअरमन सापडला, त्याच्यासाठी निळू फुले सापडले. ऊसतोड्याला त्या काळात त्या ताकदीची भूमिका मिळाली नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. ‘सामना’ चालल्यावर निर्मात्यांनी टोपी-धोतर ठेवलं, कारखाना काढून टाकला. मारुती कांबळे गेला, कर्ज गेलं, खुर्ची गेली. उरला फक्त बाईवर डोळा ठेवणारा पाटील. बायका निळूभाऊंना खरोखर शिव्या द्यायच्या, हे ते स्वतःच हसत सांगायचे, आणि ती कामाची पावती समजायचे. पण त्या रागाचा रोख सत्तेवरून हलून नुसत्या लंपटपणावर आला, यात नुकसान झालं ते आपलं.

त्यांनी दुसरं काही केलंच नाही असं समजू नका. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये ते अप्पाजी झाले, मुख्यमंत्र्याचा गांधीवादी बाप, मुलाच्या राजवटीविरुद्ध उभा राहणारा. १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत, सत्तेचा खेळ बघत बघत ज्याचं डोकं फिरतं. हिंदुराव आणि दिगू एकाच नटाने पाच वर्षांच्या आत केलेत, शेजारी ठेवून बघा. हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’ आणि ‘सारांश’ झाले. ‘सारांश’मध्ये पुन्हा पुढारीच.

आणि ते ऐंशीतले दहा रुपये? ती सवय सुटली नाही. ऐंशीच्या दशकात डॉ. लागू, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर या मंडळींबरोबर सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायला ते होते. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला थोडं मानधन मिळावं हा हेतू. त्यासाठी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामवंत नटांनी गावोगाव केले, निळूभाऊ त्यात होते. पडद्यावर गाव लुबाडणारा माणूस खाली उतरून गावातल्या कार्यकर्त्यासाठी पैसे गोळा करत होता, आणि लोक देत होते. १९९१ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ला पुण्यात ते गेले. त्याच वर्षीच्या ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ या शेतकरी आत्महत्यांवरच्या चित्रपटात ते होते.

बरं, माझं एवढंच. ‘सामना’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहा, मग नकला करा. आता प्रश्न घेऊ, मागच्या बाकावरून सुरुवात करा.