आस्कंद आणि अर्धी राहिलेली गोष्ट

१९९३ साली मी जुन्या जालन्यात शिकवत होतो. त्या सप्टेंबरात बीजिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत वांग जुनशिया ही मुलगी १०,००० मीटर २९ मिनिटे ३१.७८ सेकंदांत धावली. आधीचा विश्वविक्रम तिने सुमारे ४२ सेकंदांनी मोडला! प्रशिक्षक मा जुनरेन यांनी त्याचे श्रेय दिले कासवाचे रक्त आणि एका औषधीला. तिच्या चिनी नावाचा अर्थ ‘हिवाळ्यात किडा, उन्हाळ्यात गवत’. खरे तर ती अळीच्या अंगातून उगवणारी बुरशी. आपल्या उत्तराखंडात तिला कीडाजडी म्हणतात.

मी हे वर्गात रंगवून सांगितले. वर म्हणालो, "आपला आस्कंद काय कमी आहे?" आस्कंद म्हणजे अश्वगंधा. आमची आजी तालमीत जाणाऱ्या मुलांना त्याचे चूर्ण दुधातून देई. झाले! दोन पोरे चूर्ण खाऊन रोज पहाटे कुंडलिकेच्या काठाने पळू लागली. मला भारी कौतुक वाटले.

पुढे २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर मा यांचे सहा धावपटू रक्ततपासणीनंतर संघातून वगळले गेले. २०१६ साली एक पत्र छापून आले. वांग आणि तिच्या मैत्रिणींनी ते १९९५ मध्ये लिहिले होते. आम्हाला बंदी असलेली औषधे जबरदस्तीने दिली गेली, असे त्यात होते. औषधीची कीर्ती जगभर झाली; पोरींचे म्हणणे मात्र एकवीस वर्षे दबून राहिले.

आस्कंदावर माझा राग नाही. पण त्या दोघांना मी गोष्ट अर्धीच सांगितली. कुठे भेटले, तर उरलेली सांगायची आहे.