युरोपीय फुटबॉलमधील हिवाळी हस्तांतरण-काळ : क्लबांच्या निर्णयांचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना :
युरोपातील बहुतेक प्रमुख फुटबॉल स्पर्धांचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. हंगामाच्या मध्यावर, साधारणतः जानेवारीत, क्लबांना दुसऱ्या क्लबातील खेळाडू घेऊन त्यांची नोंदणी करण्याची मुभा मिळते. या कालावधीस हिवाळी 'ट्रान्सफर विंडो' असे म्हणतात. वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर हा विषय केवळ विक्रमी रकमांचा म्हणून येतो. वस्तुतः खेळाडूचे श्रमस्वातंत्र्य, क्लबाचे आर्थिक हित आणि स्पर्धेची निष्पक्षता या तिहेरी संघर्षातून ही व्यवस्था घडली आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः इंग्लंडमधील उदाहरणांच्या आधारे या व्यवस्थेचा उगम आणि त्या चौकटीत क्लबांनी घेतलेले निर्णय यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इंग्लंडमध्ये १८८५ साली व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाली. त्यानंतर अल्पावधीतच खेळाडूची नोंदणी ही क्लबाची मालमत्ता ठरली. करार संपला तरी जुन्या क्लबाच्या संमतीवाचून खेळाडूस लीगमधील अन्य क्लबाकडे जाता येत नसे. १९०१ पासून आठवड्याला चार पौंड ही कमाल वेतनमर्यादाही लागू झाली. खेळाडूचे वेतन असे बांधलेले असताना त्याच्या नोंदणीची किंमत मात्र वाढत गेली, हा या व्यवस्थेतील मूलभूत अंतर्विरोध होय.

फेब्रुवारी १९०५ मध्ये मिडल्सब्रो क्लबाने सन्डरलंडकडून आल्फ कॉमन या खेळाडूस १,००० पौंडांना घेतले. हस्तांतरणाची रक्कम चार आकडी होण्याची ही पहिलीच वेळ होती. मिडल्सब्रोवर खालच्या श्रेणीत जाण्याचे संकट होते आणि परक्या मैदानावर त्यांना जवळपास दोन वर्षे विजय मिळाला नव्हता. शेफील्ड युनायटेडविरुद्धच्या सामन्यात कॉमनच्या पेनल्टी गोलने तो मिळाला आणि संघाने पहिल्या श्रेणीतील आपले स्थान राखले. या व्यवहारावर त्या काळी कठोर टीका झाली. १९०८ मध्ये हस्तांतरणाच्या रकमेवर ३५० पौंडांची मर्यादा घालण्यात आली. तथापि ती काही महिन्यांतच मागे घ्यावी लागली. हंगामाच्या मध्यावर पैशाच्या बळावर संकट टाळण्याची प्रवृत्ती अशा प्रकारे जानेवारीच्या नियमाहून सुमारे शंभर वर्षांनी जुनी ठरते.

या व्यवस्थेस पहिला मोठा तडा जॉर्ज ईस्टहॅम खटल्याने गेला. करार संपूनही न्यूकॅसल युनायटेडने त्याला सोडण्यास नकार दिला, तेव्हा त्याने खेळणेच थांबवले. नोव्हेंबर १९६० मध्ये तो आर्सेनलकडे गेला, परंतु खटला चालूच राहिला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूस असे अडकवून ठेवणे हा व्यवसायावरील गैरवाजवी निर्बंध असल्याचा निर्णय दिला. तत्पूर्वी १९६१ मध्ये वेतनमर्यादाही रद्द झाली होती.

हस्तांतरण-काळाचा उदय :
१५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्याचा निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूस युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे जाताना शुल्काची अट घालता येणार नाही, हे त्याने स्पष्ट केले. एप्रिल २००० मधील लेह्टोनेन खटला बास्केटबॉलसंबंधी असला, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. हंगामाच्या अखेरीस नवे खेळाडू घेतल्याने स्पर्धेचे स्वरूपच पालटू शकते. म्हणून हस्तांतरणास मुदत घालणे समर्थनीय ठरू शकते, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र युरोपातील खेळाडूंना एक मुदत आणि अन्य खंडांतील खेळाडूंना त्याहून उशिराची मुदत, हा भेद सबळ कारणावाचून करता येणार नाही, असेही बजावले.

मार्च २००१ मध्ये युरोपीय आयोग, फिफा आणि युएफा यांच्यात समझोता झाला. त्यानुसार वर्षातून दोन नोंदणी-काळ ठरले. इंग्लंडमध्ये तोवर हंगामातील बराच काळ हस्तांतरण चालत असे आणि मार्चमधील ठरावीक तारखेनंतर निर्बंध येत. २००२-०३ च्या हंगामापासून तेथेही नवी पद्धत आली आणि जानेवारी २००३ हा पहिला हिवाळी हस्तांतरण-काळ ठरला.

जानेवारीतील निर्णय :
या पहिल्याच जानेवारीत लीड्स युनायटेडचे उदाहरण घडले. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या या क्लबाने भावी उत्पन्नाच्या भरवशावर मोठे कर्ज उचलले होते. अपेक्षित यश न मिळाल्याने खेळाडू विकणे भाग पडले. रॉबी फाउलर मँचेस्टर सिटीकडे, तर जोनाथन वुडगेट न्यूकॅसलकडे गेला. २००४ मध्ये लीड्सची दुसऱ्या श्रेणीत आणि २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरण झाली. येथे जानेवारीने संकट निर्माण केले नाही. आधीचे संकट उघडे पाडले, एवढेच.

३१ जानेवारी २०११ हा मुदतीचा अखेरचा दिवस. चेल्सीने ५० दशलक्ष पौंड देऊन लिव्हरपूलचा फर्नांडो टोरेस घेतला आणि लिव्हरपूलने त्याच दिवशी ३५ दशलक्ष पौंडांना न्यूकॅसलचा अँडी कॅरोल घेतला. विक्रेत्यास समोरच्याची निकड आणि हातचा पैसा दोन्ही ठाऊक असल्याने किंमत चढली. टोरेसला चेल्सीसाठी पहिला गोल करण्यास एप्रिल उजाडला. कॅरोलही लिव्हरपूलमध्ये स्थिरावला नाही. याउलट त्याच जानेवारीत याहून कमी रकमेत आयाक्सकडून आलेला लुईस सुआरेझ लिव्हरपूलच्या आक्रमणाचा कणा बनला.

२०१७-१८ च्या हंगामात मात्र लिव्हरपूलने वेगळी वाट धरली. उन्हाळ्यात साउदॅम्पटनचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक मिळू शकला नाही, तेव्हा दुसऱ्या कोणास न घेता क्लब थांबला आणि जानेवारी २०१८ मध्ये ७५ दशलक्ष पौंडांना त्यालाच घेतले. त्याच महिन्यात त्यांनी फिलिपे कुटिन्यो बार्सिलोनाला विकला. नेमारच्या विक्रीतून बार्सिलोनाकडे २२२ दशलक्ष युरो आले होते, हे सर्वांना ठाऊक होते. पुढे लिव्हरपूलने २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये ३० वर्षांनी इंग्लंडचे विजेतेपद मिळवले. कुटिन्यो मात्र उसना म्हणून बायर्न म्युनिककडे गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नने बार्सिलोनाचा ८-२ असा पराभव केला, त्यात त्याचे दोन गोल होते.

जानेवारी २०२३ मध्ये चेल्सीने बेनफिकाच्या एन्झो फर्नांडेझसाठी सुमारे १०७ दशलक्ष पौंड मोजले. हा तत्कालीन ब्रिटिश विक्रम होता. करार २०३१ पर्यंतचा असल्याने हा खर्च हिशेबात अनेक वर्षांवर विभागता येत होता. तो हंगाम चेल्सीने बाराव्या स्थानी संपवला. त्याच वर्षी युएफाने अशा विभागणीस पाच वर्षांची मर्यादा घातली. १९०८ प्रमाणेच येथेही नियम व्यवहारामागून आला.

समारोप :
उपरोक्त उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, मुदतीमुळे स्पर्धेस काही प्रमाणात स्थैर्य लाभले. परंतु घाई संपली नाही, ती एका महिन्यात एकवटली. तिचा लाभ ज्यांचा विचार आधी झालेला असतो अशा क्लबांना होतो आणि भार संकटग्रस्तांवर पडतो. हंगामातल्या पराभवाचे उत्तर जानेवारीत शोधणारा क्लब बहुधा अधिक किंमत मोजतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न खेळाडूचा आहे. अन्य व्यवसायांतील कामगार वर्षाच्या कोणत्याही महिन्यात नोकरी बदलू शकतो. फुटबॉलपटूस मात्र स्पर्धेच्या हितासाठी थांबावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लसाना डियारा प्रकरणात युरोपीय न्यायालयाने करारभंगानंतरच्या हस्तांतरणासंबंधीचे फिफाचे काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले. तो निकाल हस्तांतरण-काळाविषयी नव्हता. तथापि ईस्टहॅमने उपस्थित केलेला प्रश्न अद्याप मिटलेला नाही, हे त्यातून दिसून आले. म्हणूनच हिवाळी हस्तांतरण-काळाचा अभ्यास क्रीडा-इतिहासाइतकाच श्रम-इतिहासाच्या अभ्यासकांनीही करणे अगत्याचे आहे.