ह्नेफाटाफ्ल

ह्नेफाटाफ्ल हा व्हायकिंग काळात स्कँडिनेव्हियात लोकप्रिय असलेला, दोन खेळाडूंनी पटावर खेळण्याचा बैठा खेळ आहे. बुद्धिबळात दोन्ही पक्षांचे बळ समान असते. या खेळात मात्र ते विषम असते आणि दोघांची उद्दिष्टेही भिन्न असतात. पटाच्या मध्यभागी वेढला गेलेला राजा आपल्या मोजक्या रक्षकांच्या मदतीने निसटू पाहतो, तर संख्येने दुप्पट असलेले आक्रमक त्याला कोंडण्याचा प्रयत्न करतात.

नाव

जुन्या नॉर्स भाषेत 'ह्नेफी' म्हणजे मूठ. राजाच्या सोंगटीलाही हेच नाव होते. 'टाफ्ल' हा शब्द फळी किंवा पट या अर्थाच्या 'टाबुला' या लॅटिन शब्दापासून आला आहे. याच कुळातील इतर खेळांत आयर्लंडमधील ब्रांडुव (७ × ७ घरे), सामी लोकांचा टाब्लुट (९ × ९) आणि वेल्समधील टाउलबुर्द (११ × ११) यांचा समावेश होतो.

इतिहास

आइसलँडमधील सागा वाङ्मयात या खेळाचे उल्लेख आढळतात. ऑर्कनी बेटांचा बाराव्या शतकातील सरदार रोग्नवाल्ड याने एका कवितेत आपल्या अंगची नऊ कौशल्ये सांगितली असून त्यांत पटावरील खेळाचा समावेश आहे. आयर्लंडमधील बॅलिंडेरी येथे ७ × ७ छिद्रांचा लाकडी पट सापडला. ऑर्कनीतील स्कार येथील नौका-दफनात व्हेलच्या हाडापासून बनवलेल्या २२ सोंगट्या मिळाल्या. पुढे उत्तर युरोपात बुद्धिबळाचा प्रसार झाल्यावर हा खेळ मागे पडला.

व्हायकिंग काळातील संपूर्ण नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने इ.स. १७३२ मध्ये लॅपलँडच्या प्रवासात सामी लोकांना टाब्लुट खेळताना पाहिले आणि त्याचे नियम आपल्या दैनंदिनीत लॅटिनमध्ये टिपले. आजच्या नियमांचा मुख्य आधार हीच नोंद आहे. तिचे इंग्रजी भाषांतर इ.स. १८११ मध्ये प्रकाशित झाले. भाषांतरातील चुकीमुळे राजाला नेहमीच चारही बाजूंनी घेरावे लागते, असा समज रूढ झाला. त्यामुळे खेळ राजाच्या बाजूला झुकला. मूळ नोंदीनुसार राजा सिंहासनावर असताना चार आणि सिंहासनाला लागून असताना तीन सोंगट्यांनी घेरावा लागतो. इतरत्र तो साध्या सोंगटीप्रमाणे दोन सोंगट्यांमध्ये सापडल्यास पकडला जातो. ही चूक लक्षात आल्यानंतर खेळाचा तोल पुन्हा साधता आला.

पट आणि सोंगट्या

सध्या ११ × ११ घरांचा पट विशेष प्रचलित आहे. मधल्या घराला सिंहासन म्हणतात व तेथे राजा असतो. त्याच्याभोवती १२ रक्षक मांडतात. २४ आक्रमक पटाच्या चार कडांच्या मध्यभागी सहा-सहाच्या गटांत उभे असतात. सिंहासनावर व चार कोपऱ्यांतील घरांत फक्त राजाच थांबू शकतो.

खेळण्याची पद्धत

• पहिली खेळी आक्रमकांची असते. त्यानंतर दोन्ही खेळाडू आळीपाळीने खेळतात.

• प्रत्येक सोंगटी बुद्धिबळातील हत्तीप्रमाणे उभी किंवा आडवी, मोकळ्या घरांतून हवी तितकी सरकते. तिरपी चाल नसते आणि दुसऱ्या सोंगटीवरून उडी मारता येत नाही.

• विरोधी सोंगटी आपल्या दोन सोंगट्यांमध्ये उभ्या किंवा आडव्या रेषेत सापडली की ती मारली जाते व पटावरून उचलली जाते. मात्र एखादी सोंगटी स्वतःहून दोन शत्रूंच्या मध्ये जाऊन बसली, तर ती मरत नाही.

• कोपऱ्यातील घर मारणाऱ्या पक्षाच्या सोंगटीसारखे काम करते. त्यामुळे कोपऱ्यालगतची सोंगटी मारण्यास दुसऱ्या बाजूची एकच सोंगटी पुरते.

• राजा कोणत्याही कोपऱ्यात पोहोचला की रक्षकांचा विजय होतो. टाब्लुटमध्ये राजाने पटाची कोणतीही कड गाठली तरी पुरते.

• राजा पकडला गेला की आक्रमक जिंकतात. ११ × ११ च्या आधुनिक नियमांत राजाला सहसा चार बाजूंनी घेरावे लागते. येथे राजाचे लक्ष्य कड नसून दूरचे कोपरे असल्याने हा कठोर नियम खेळाचा तोल बिघडवत नाही.

डावपेच

सोंगट्या मारण्याची घाई आक्रमकांना महागात पडते. आधी सुटकेच्या वाटा बंद करणे हे त्यांचे मुख्य काम असते. एका कोपऱ्यासमोर तीन सोंगट्या तिरप्या रेषेत मांडल्यास तो कोपरा पूर्ण बंद होतो. चार कोपऱ्यांसाठी अशा १२ सोंगट्या लागतात. उरलेल्या सोंगट्यांनी घेरा हळूहळू आवळावा लागतो. याउलट रक्षकांचे हित वाटा मोकळ्या ठेवण्यात असते. त्यासाठी वेळप्रसंगी आपली सोंगटी गमावणेही फायद्याचे ठरते. राजासमोर एकाच वेळी दोन वाटा खुल्या झाल्या, तर आक्रमकाला एका खेळीत दोन्ही अडवता येत नाहीत. टाब्लुटमध्ये राजाला एक वाट मिळाली की 'राइची' आणि दोन मिळाल्या की 'टुइचू' असे पुकारत, अशी नोंद लिनियसने केली आहे.

सद्यस्थिती

शेटलंडमधील फेटलर बेटावर या खेळाच्या स्पर्धा भरवल्या गेल्या असून तेथील नियमावली 'फेटलर नियम' म्हणून ओळखली जाते. त्याखेरीज 'कोपनहेगन नियम'ही प्रचलित आहेत.