म्यानावरील खुणा आणि कालनिश्चिती : मराठवाड्यातील शस्त्रसंग्रहांच्या संदर्भात

शस्त्रांच्या अभ्यासात म्यान हा घटक बहुतांशी उपेक्षित राहिला आहे. पात्याची लांबी, पोलादाची प्रत, मुठीची धाटणी यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. म्यानाची नोंद मात्र 'चामडी म्यानासह' एवढ्यावर संपते. मराठवाड्यातील जुन्या घराण्यांत, देवस्थानांत व महाविद्यालयांच्या लहानमोठ्या संग्रहांत तलवारी, कट्यारी व सुरे आढळतात. त्यांवर एखादा शिक्का वा आकडा दिसला की त्यावरून संपूर्ण वस्तूचा काळ ठरविण्याकडे कल असतो. ही पद्धत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की पाते, मूठ आणि म्यान या तीन वस्तूंचे आयुष्य सारखे नसते. पाते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्यानाचे लाकूड भेगाळते, चामडे सुकून तडकते आणि नवे म्यान चढविले जाते. याचे उत्तम उदाहरण याच प्रदेशाशी निगडित आहे. कॅप्टन लुई नोलन या ब्रिटिश घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घोडदळविषयक ग्रंथात निजामाच्या अनियमित घोडेस्वारांच्या तलवारींचे आश्चर्याने वर्णन केले आहे. त्या तलवारींनी केलेल्या जखमा विलक्षण खोल असत. परंतु चौकशीअंती असे दिसले की पाती इंग्रज घोडदळाने टाकून दिलेलीच होती. स्थानिक कारागिरांनी त्यांना नव्या मुठी बसविल्या होत्या, धार वस्तऱ्यासारखी केली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवली होती. ब्रिटिश पलटणींच्या पोलादी म्यानात पाते आतबाहेर होताना धार बोथट होई. लाकडी म्यानात ती टिकत असे. अशा तलवारीच्या पात्यावर इंग्रज कारखानदाराची खूण सापडली, तर तिच्यावरून म्यानाचा काळ वा कर्ता सांगता येईल काय? अर्थातच नाही. हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी अर्धापूरच्या उत्तरेस हिंगोली येथे होती व १९०३ मध्ये हे सैन्य भारतीय लष्करात विलीन झाले, हे लक्षात घेता असे संमिश्र नमुने या परिसरात मिळणे स्वाभाविक आहे.

दुसरा मुद्दा खुणेच्या अर्थाचा. युरोपात खूण म्हणजे बहुधा कारखानदाराची सही. आपल्याकडील खूण पुष्कळदा मालकाची वा शस्त्रागाराची असते. १६८९ मध्ये आदोनी मोगलांच्या हाती पडल्यावर बिकानेरच्या अनूपसिंहाने तेथील शस्त्रे आपल्या शस्त्रागारात नेली. त्यांवर ठिपक्यांनी कोरलेले देवनागरी लेख आहेत. ते शस्त्र कोठून आले हे सांगतात, कोणी घडविले हे नव्हे. ब्रिटिश अमलातील तीनरेघी बाणाची खूणही सरकारी मालकीचीच द्योतक आहे. इछापूर रायफल कारखान्याचा शिक्का असलेल्या संगिनीच्या पात्यावर निर्मितीचा महिना व वर्ष आढळू शकते. तथापि तिचे चामडी म्यान नंतर बदललेले असणे सहज शक्य आहे. शिवाय खुणांची नक्कलही होई. फिरंगी पात्यांवरील दातेरी चंद्रकोरींची जोडी भारतीय लोहारांनी सर्रास उठविली, कारण परदेशी पात्याला बाजारात मान होता.

मराठवाड्यात सर्वांत मोठी अडचण आकड्यांची आहे. निजामाच्या राज्यात नाण्यांवर हिजरी सन असे, तर महसुली व प्रशासकीय व्यवहार फसली सनात चालत. समजा, म्यानाच्या मोहनाळीवर, म्हणजे तोंडाशी बसविलेल्या धातूच्या पट्टीवर, १३४० हा आकडा कोरलेला आहे. तो हिजरी मानल्यास १९२१-२२ हे वर्ष येते. हैदराबादी फसली मानल्यास, ५९० मिळवून, १९३०-३१. सोबत आजर, दै, बहमन असे महिन्याचे नाव असेल तर फसली निश्चित. मोहरम वा सफर असेल तर हिजरी. नुसता आकडा असेल तर दोन्ही शक्यता नोंदविणे हेच प्रामाणिकपणाचे. हा फरक केवळ नऊ वर्षांचा म्हणून सोडून देता येत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये शंभर वर्षे पूर्ण झालेली अशी वस्तू पुरावशेष ठरते. पहिल्या वाचनानुसार ही मुदत उलटून गेली आहे. दुसऱ्यानुसार ती २०३०-३१ पूर्वी पुरी होत नाही. संवत १३४० असे वाचून वस्तू यादवकाळात नेण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे.

मग म्यानाचा काळ कशावरून ठरवावा? प्रस्तुत लेखकाच्या मते, खुणेपेक्षा चामडेच अधिक विश्वसनीय साक्षीदार आहे. दख्खनमध्ये तरवडाच्या सालीने चामडे कमावीत. ते आरंभी फिकट असते व उजेडाने लालसर होत जाते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याची झिजलेली कड मात्र आत निळसर-करडी दिसते. या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १८८४ मध्ये घेतले गेले आणि मद्रासेत ती विसाव्या शतकाच्या आरंभी आली. सबब क्रोम चामड्याचे म्यान, त्यावर कोणताही शिक्का असो, त्यापूर्वीचे असू शकत नाही. पाठीवरची शिवण हाताची की यंत्राची, आतील लाकडाच्या फळ्या दोन की एक, तहनाळ म्हणजे टोकाची टोपी ठोकून बसविली की डाख देऊन, पडदळ अडकविण्याच्या कड्या कोठे, हेही पाहिले पाहिजे. अर्थात, जुन्या लाकडावर नवे चामडे चढविलेले असू शकते. अशा वेळी प्रत्येक भागाची तारीख स्वतंत्रपणे द्यावी.

ज्या जिनगर व मोची कारागिरांनी ही म्याने शिवली, त्यांनी आपली नावे बहुधा त्यांवर घातली नाहीत. ज्यांची नावे आहेत ते धनी. त्यामुळे मालकाच्या खुणेला कारागिराची खूण समजण्याने केवळ सन चुकतो असे नाही, तर श्रमाचे श्रेयही भलत्याच्या पदरात पडते. नांदेडात शस्त्रकामाची परंपरा असलेला शिकलीगर शीख समाज आजही आहे आणि गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कृपाणी व त्यांची म्याने विकली जातात. संग्रहातील म्यान कसे शिवले आहे हे समजून घेण्यासाठी नोंदणीकाराने ग्रंथांबरोबर या मंडळींकडेही जावे, आणि नोंदवहीत 'मालकी', 'पाते' व 'म्यान' असे तीन रकाने वेगवेगळे आखावेत.