लूना आणि तिचा बलुतेदार

इतिहासकाराला मोठ्या वस्तूंची ओढ असते. किल्ले, तोफा, आगगाड्या, धरणें यांचा वृत्तांत तो हौसेनें लिहितो. परंतु ज्या वाहनावरून दूधवाला पहाटेस दूध घेऊन येतो आणि शिक्षक आपल्या शाळेस जातो, त्याच्याकडे त्याची दृष्टि सहसा वळत नाहीं. परभणी जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास लिहावयास कोणी बसल्यास निजामी अमलाचा 1948 सालीं झालेला शेवट, 1956 सालीं मुंबई राज्यांत झालेला मराठवाड्याचा समावेश, 1960 सालची महाराष्ट्राची स्थापना आणि 1999 सालीं हिंगोलीचा झालेला वेगळा जिल्हा, या सर्वांना तो प्रकरणें देईल. लूना नांवाच्या मोपेडला मात्र तो एक ओळही देणार नाहीं. ही उणीव क्षुल्लक नव्हे, असें मला वाटतें. तसें वाटण्यास इतिहासाचीं कांहीं कारणें आहेत, आणि एक कारण घरगुती आहे. तें मागाहून सांगेन.

तरुण वाचकांपैकीं पुष्कळांनीं लूना पाहिलीही नसेल, म्हणून तिचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. सायकल आणि मोटारसायकल यांच्या मधली ही गाडी. सायकलीप्रमाणें तिला पायडल असत. पायडल मारून इंजिन सुरू करावयाचें, आणि चढावर तें थकलें तर पुन्हां पायडल मारून त्याला साह्य करावयाचें. गिअर नाहींत. इंजिनाची पोकळी अवघी 50 घनसेंटीमीटरांची, म्हणजे चहाच्या अर्ध्या पेल्याहून अधिक नव्हे. एवढ्याशा जागेंत पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण पेटावें, आणि त्या बळावर एक संसारी माणूस, त्याची पिशवी, पुष्कळदां त्याची बायको व एक मूल, इतकीं सर्व पुढें सरकावींत, याचें आम्हां मुलांना मोठें नवल वाटे.

या जातीच्या वाहनाचें मूळ युद्धाच्या आणि त्यानंतरच्या दारिद्र्याच्या काळांत सांपडतें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिशांनीं छत्रीनें उतरणाऱ्या सैनिकांसाठीं वेलबाइक नांवाची, घडी करतां येण्याजोगी, बुटकी मोटारसायकल बनविली होती. तिचें इंजिन 98 घनसेंटीमीटरांचें असे, आणि नळकांड्यांत घालून ती विमानांतून खालीं सोडतां येई. युद्ध संपलें तेव्हां युरोपांतील सामान्य माणसापाशीं मोटारीपुरता पैसा नव्हता. पण कामावर तर जावयाचें होतें. 1946 सालीं फ्रान्समध्यें व्हेलोसोलेक्स बाजारांत आली. तिच्या पुढच्या चाकावर एक चिमुकलें इंजिन बसविलेलें असे. त्याच सालीं इटलींत, पूर्वीं विमानें बनविणाऱ्या पियाजिओ कंपनीनें व्हेस्पा स्कूटर काढली. 1952 सालीं स्वीडनमध्यें मोटर आणि पेडल हे दोन शब्द सांधून 'मोपेड' हा शब्द तयार झाला. पुढें 1967 सालीं पियाजिओनें 'चाओ' नांवाची मोपेड काढली. आपल्या लूनेची ही थोरली बहीण.

1972 सालीं पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीनें 'चाओ'च्या धर्तीवर लूना तयार केली. कंपनीचे संस्थापक हस्तीमल फिरोदिया हे नगरच्या घराण्यांतले. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. हस्तीमलांचे चिरंजीव अरुण फिरोदिया यांनीं इंजिनिअर या नात्यानें गाडीच्या घडणींत मोठा भाग घेतला. बजाजची चेतक स्कूटरही त्याच सालची. पण परवान्यांच्या त्या काळांत स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि तिची किंमतही मास्तर-कारकुनांच्या आवांक्याबाहेरची असे. पुढल्याच सालीं, म्हणजे 1973 च्या ऑक्टोबरांत, अरब राष्ट्रांनीं तेलाच्या निर्यातीवर बंदी घातली; कांहीं महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपामागें सुमारें 3 डॉलरांवरून 12 डॉलरांच्या घरांत गेला. थोड्या पेट्रोलावर चालणाऱ्या गाडीला याहून अनुकूल वेळ कोणती?

परभणीलाही 1972 हें साल विसरतां येण्याजोगें नाहीं. त्या वर्षीं मे महिन्याच्या 18 तारखेस येथें मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं पावसानें पाठ फिरविल्यामुळें सारा मराठवाडा घोर दुष्काळांत सांपडला. चारा नाहीं म्हणून बैल मातीमोल भावानें बाजारांत गेले. जिल्ह्याला आगगाडी निजामाच्या काळापासून होती. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील सेलू, परभणी, पूर्णा हीं स्थानकें जुनीं. पण स्थानकापासून गांवापर्यंतच्या चार-सहा कोसांचें काय? तेथें बैलगाडी, सायकल, नाहीं तर आपले दोन पाय. ही पोकळी लूनेनें हळूहळू भरून काढली. जिल्हा परिषदेचे शिक्षक, दूधवाले, भाजीवाले, पोस्टांतील आणि बँकेंतील कारकून, असे तिचे आमच्याकडील पहिले धनी होते.

परंतु जिच्या नमुन्यावरून ही गाडी उतरली, ती मुळांत निराळ्याच रस्त्यांसाठीं घडविलेली होती. इटलींतील डांबरी सडक कोठें आणि गोदावरी-दुधनेच्या खोऱ्यांतील काळी माती कोठें! ही माती उन्हाळ्यांत भेगाळते, आणि पावसाळ्यांत अशी चिकटते कीं चाक व मडगार्ड यांच्या मधील फट भरून जाऊन चाक जागच्या जागीं अडतें. म्हणून आमच्या भागांत पुष्कळांनीं पुढचें मडगार्ड उंच करून घेतलें; कांहींनीं तें काढूनच टाकलें. गाडी एका माणसासाठीं केलेली. पण दूधवाल्यानें तिला लोखंडी चौकट ठोकून घेतली व दोन्ही बाजूंस किटल्या टांगल्या. ओझें वाढलें तेव्हां ओढ कमी पडूं लागली. मग मागील चाकास अधिक दात्यांचें चक्कर बसविण्यांत आलें. त्यानें वेग घटतो, पण ओढ वाढते. यंत्रशास्त्राचा हा नियम आमच्या मिस्त्र्यांना पुस्तकावांचून ठाऊक होता. खास दोघांसाठीं बनविलेली टीव्हीएस 50 ही मोपेड 1980 सालीं होसूरहून निघाली. आमच्याकडे मात्र लूनेच्या कॅरिअरवर उशी बांधून दुसरा स्वार केव्हांच बसूं लागला होता.

हीं सर्व कामें करणारा मिस्त्री कोण होता? त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 1915 सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत बलुतेदारीचें जें चित्र काढलें आहे, तें येथें आठवतें. सुतारानें नांगर-तिफण दुरुस्त करावी, लोहारानें फाळ शेवटावा, आणि सुगीला खळ्यावरून आपल्या वांट्याचें धान्य न्यावें, ही ती व्यवस्था. बैलगाडीबरोबर हे बलुतेदार मागें पडले. पण दुरुस्तीची गरज मागें पडली नाहीं. ती लूनेच्या मिस्त्र्यानें उचलली. मात्र बलुतें जन्मानें मिळे, आणि हें काम शिकून मिळवावें लागे. हा फरक सामान्य नव्हे. मिस्त्र्यांत कोणी लोहाराचा मुलगा होता, कोणी पिंजाऱ्याचा, कोणी शाळा सुटलेला शेतमजुराचा. उस्तादाच्या हाताखालीं तीन-चार वर्षें पाने उचलून देत आणि शिव्या खात ते शिकले. हिशेब मात्र जुन्याच वळणाचा राहिला. रोख पैसा नसेल तर तो वहींत मांडावयाचा, आणि कापूस विकला गेल्यावर चुकता करावयाचा.

या इंजिनाची प्रकृति समजून घेतल्यावांचून मिस्त्र्याची योग्यता कळणार नाहीं. टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दोन धावांत एक आवर्तन पुरें करणारें हें इंजिन. त्याला वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्येंच तेल मिसळावें लागतें, साधारणपणें लिटरामागें 40 मिलिलिटर. तेल कमी पडलें तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. जास्त झालें तर प्लग भिजतो आणि सायलेन्सरांत काजळी सांठते. काजळीनें धुराची वाट अरुंद झाली कीं गाडी दम टाकते. म्हणून ठराविक दिवसांनीं सायलेन्सर उतरवून, तापवून व ठोकून साफ करणें, सिलिंडरच्या धूर जाण्याच्या भोकांतील काजळी लाकडाच्या चपट्या तुकड्यानें हळूच खरवडणें, पॉइंट पॉलिश-कागदानें घांसून त्यांतील फट पातळ पत्र्यानें मोजणें, कार्ब्युरेटरच्या जेटमध्यें फुंकर मारणें, हीं मिस्त्र्याचीं नित्यकर्में. वैद्याला जशी नाडी, तसा मिस्त्र्याला प्लग. त्याचें टोक तपकिरी असेल तर प्रकृति उत्तम. काळें व ओलें असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढरें पडलें असेल तर इंजिन फाजील तापत आहे, जपावें.

आतां तें घरगुती कारण. माझे वडील जिंतूर रस्त्यावरील एका खेड्यांत शिक्षक होते. 1981 सालीं त्यांनीं एक जुनी लूना घेतली, आणि जाऊन-येऊन 24 किलोमीटरांची त्यांची रोजची सायकल सुटली. 1987 च्या उन्हाळ्यांत मी बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालों होतों. इंजिनाचें तत्त्व मीं पुस्तकांत वाचलें होतें, आणि वाचलें म्हणजे आलें, अशी माझी समजूत होती. गाडीचा वेग वाढावा म्हणून मीं सायलेन्सरांतील जाळी काढली. मिश्रण अधिक दाबलें जाऊन जोर वाढावा म्हणून सिलिंडरचें हेड एका लेथवाल्याकडून थोडें घांसून घेतलें. आणि धूर कमी व्हावा म्हणून तेलाचें माप निम्म्यावर आणलें. चार दिवस गाडी खरोखरच वाऱ्यासारखी धांवली. पांचव्या दिवशीं, भर दुपारीं, घरापासून तीन कोसांवर ती एकाएकीं थांबली ती थांबलीच. पिस्टन सिलिंडरला धरला होता. उन्हांत ती ढकलीत मी घरीं आलों.

सिलिंडरला बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन बसविण्याचा खर्च वडिलांच्या एका महिन्याच्या पगारांतून निघण्याजोगा नव्हता. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां ते पुन्हां सायकलीवरून जाऊं लागले. मला त्यांनीं एका शब्दानेंही दुखविलें नाहीं. पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस एका संध्याकाळीं चिखलानें चाकें अडलेली सायकल खांद्यावर घेऊन घरीं आला. ती संध्याकाळ मीं अजून विसरलेलों नाहीं.

मिस्त्र्यानें सिलिंडर खोलला, माझें बोट आंत घालावयास लावलें आणि विचारलें, "काय लागतंय?"

"ओरखडे," मीं म्हटलें.

"तिथं तेल नव्हतं. धूर दिसतो म्हणून कमी केलंस ना? अरे, तो धूर तेलाचा असतो. थोडा दिसतोय तोवर पिस्टनला काळजी नाही." मग वडिलांकडे वळून तो म्हणाला, "गुरुजी, पैशाचं सवडीनं बघा. पोराला दोन महिने रविवारी पाठवा."

ते रविवार मीं काजळी खरवडण्यांत घालविले. पुढें मी पदवीधर झालों, इंग्रजी ग्रंथांच्या आधारें युरोपांतील औद्योगिक क्रांति शिकवूं लागलों. परंतु यंत्र आणि माणूस यांचा संबंध मला प्रथम कळला, तो त्या दुकानांतील तेलकट बांकावर.

या वाहनाचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. टू-स्ट्रोक इंजिनांत ताज्या मिश्रणाचा कांहीं भाग न जळतांच बाहेर पडतो. गांवच्या हवेला त्याची किंमत द्यावी लागली. एका माणसाच्या गाडीवर तिघे बसल्यानें ब्रेक अपुरे पडत. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानें 50 घनसेंटीमीटरांपर्यंतची गाडी 16 वर्षांच्या मुलाच्याही हातीं दिली, आणि सर्वच मुलें शहाणीं नव्हतीं, हें माझ्याच उदाहरणावरून उघड आहे. पुढें धुराचे नियम कडक झाले, कमी पेट्रोलांत लांब जाणाऱ्या चार धावांच्या मोटारसायकली हप्त्यानें मिळूं लागल्या, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं लूना रस्त्यावरून ओसरली. 2024 च्या फेब्रुवारींत तिचें नांव पुन्हां बाजारांत आलें, तें विजेवरील गाडीचें म्हणून. तिच्यांत कार्ब्युरेटर नाहीं, प्लग नाहीं, काजळीही नाहीं. ही सुधारणाच आहे, आणि तिचें स्वागत केलें पाहिजे.

मला हुरहूर लागते ती निराळ्या गोष्टीची. आमचा मिस्त्री कांहीं वर्षांपूर्वीं वारला. त्याच्या ओट्यावर आतां मोबाइलचें दुकान आहे. कोणत्या गांवच्या रस्त्यासाठीं गाडींत कोणता फेरफार करावा, कोणत्या ऋतूंत तेलाचें माप किती ठेवावें, घसरगुंडी झालेलें चक्कर आणखी किती दिवस चालेल, हें सारें त्याच्या हातांत होतें. तें त्यानें कोठें लिहिलें नाहीं, आणि कोणी लिहूनही घेतलें नाहीं. मी इतिहास शिकविण्यांत आयुष्य घालविलें. निजामी दफ्तरांतील फर्मानांच्या नकला करण्यासाठीं हैदराबादेच्या वाऱ्या केल्या. परंतु घरापासून दोन फर्लांगांवर बसलेल्या या माणसाला वही घेऊन एकदांही कांहीं विचारलें नाहीं. फर्मानें अद्याप जागच्या जागीं आहेत, मिस्त्री नाहीं. एका इतिहासाच्या प्राध्यापकास याहून मोठी चूक कबूल करावी लागूं नये.

जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड यांसारख्या तालुक्याच्या गांवीं असे म्हातारे मिस्त्री अजून भेटतात. ज्यांच्या घरीं लिहितां येणारीं मुलें आहेत, अशा वाचकांनीं त्यांना सुटीच्या दिवशीं एक वही देऊन अशा मिस्त्र्याकडे धाडावें. त्याचें काम पाहावें, त्याला प्रश्न विचारावे, आणि तो जें सांगेल तें त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावें. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासांतील एक प्रकरण तेथें लिहिलें जाण्याची वाट पाहत आहे.